पट्ट्यावरच्या निर्मलाताई

निर्मलाताईंवर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे कुणी म्हणायचं की सुधाकरराव गोड गोड लिहायला बसले. जुने ट्रॅक्टर घ्यायचे, नीट करायचे आणि विकायचे, हा पांढरकवड्यात माझा धंदा आहे. माझ्या आवारात मालवाहू गाड्या कायम उभ्या असतात. असं असताना या बाईंनी गाव सोडलं तेव्हा आपली शिलाई मशीन दुसऱ्याच्या गाडीत घालून नेली. मला विचारलंसुद्धा नाही.

माझी त्यांची ओळख जिममध्ये झाली. मी आणि जिम, हे ऐकून अजूनही माणसं हसतात. नागपूरला माझ्या छातीत स्प्रिंग टाकली आणि डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं. चालायचं कुठे? हायवेवर ट्रक सुसाट जातात. गावातल्या रस्त्यानं जावं तर प्रकाशचं दुकान लागतं. प्रकाश माझा धाकटा भाऊ. मी पंक्चर काढायचो तेव्हा तो शाळेत जायचा. त्याला मी धंदा शिकवला, माणसं दाखवली. हात बसल्यावर माझेच मिस्त्री फोडून त्यानं वेगळं दुकान टाकलं. बोर्डावर आमचंच आडनाव, माझ्या बोर्डापेक्षा मोठ्या अक्षरांत. त्याला वर्षं झाली, पण मी त्या रस्त्यानं जात नाही. ज्याला जे म्हणायचं ते म्हणो.

घरात बोलायलाही कुणी नव्हतं. मुलाला मूल झालं म्हणून बायको पुण्याला गेली होती आणि तिचं येणं पुढेपुढे सरकत होतं. सकाळी मी गॅस पेटवायचो, चहा करायचो, आणि सवयीनं दोन कप काढून एक परत ठेवायचो. शेवटी इम्रानच्या जिमला गेलो. इम्रानच्या वडिलांचं गॅरेज खाली आहे, जिम वर. सकाळ-संध्याकाळ तिथे पोरं आरशासमोर दंड फुगवतात. दुपारी कुणी नसतं. त्या वेळेला इम्रान 'पेशंट बॅच' म्हणायचा. त्या बॅचमध्ये मी आणि निर्मलाताई, दोघंच होतो.

पहिल्या दिवशी मी इम्रानशी फीवरून घासाघीस करत होतो. मागून आवाज आला.

"मी सायकलीले हात लावनार नाही. वजनं उचलनार नाही. ते झुल्यावानी मशीन तर नुसती पाह्यली तरी मले चक्कर येते. मी फक्त पट्ट्यावर चालनार. मंग पुऱ्या जिमचे पैसे काहून देऊ?"

ट्रेडमिलला त्या शेवटपर्यंत पट्टाच म्हणाल्या.

"ताई, फीस तो पूर्ण जिमचीच असते," इम्रान म्हणाला.

"ब्लाऊज शिवला तर मी पातळाचे पैसे घेतो काय?"

आमच्याकडे बायकाही 'घेतो', 'जातो'च म्हणतात. मी वळून पाहिलं. पन्नाशीच्या, बुटक्या, अंगानं चांगल्या रुंद. गळ्यात मोजायची टेप माळेसारखी लटकलेली, खांद्याजवळ टाचण्या आणि सेफ्टी पिना खोचलेल्या. बसस्टँडच्या मागे लेडीज टेलरचं दुकान होतं त्यांचं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं आणि इम्रानला म्हणाल्या, "या भाऊले जे लावशीन तेच मले लाव. आन् याहिले कमीच लाव. बिमार दिसते बिचारे."

मला राग आला. पण इम्रान उतरला, आणि मी जिथे अडकलो होतो त्याच्याही खाली उतरला. मी आयुष्यभर सौदे केले. माझ्या बाजूनं दुसऱ्या कुणी सौदा केल्याचं मला तरी आठवत नाही.

मग पट्ट्यावर चढायचं. ट्रॅक्टर चालवणं सोपं आहे, तुम्ही बसलेले असता. इथे पायाखालची जमीन मागे पळते आणि तुम्ही तिथेच. मी दांड्या अशा आवळल्या की इम्रान म्हणाला, "सेठ, सोडा जरा, मशीन कुठे भागून नाही जात." शेजारच्या पट्ट्यावर निर्मलाताईंचं निराळंच झालं. टेलरची मशीन पायानं चालते आणि हातानं थांबते. थांबवायची झाली की उजव्या बाजूच्या चाकावर तळवा ठेवायचा. अर्ध्या जन्माची सवय. पट्ट्यानं वेग घेतला तशा त्या घाबरल्या. समोरचं लाल बटण राहिलं बाजूला, त्यांचा उजवा हात हवेत चाक शोधू लागला. चाक नव्हतंच. पट्ट्यानं त्यांना मागे नेलं आणि तिथे अंथरलेल्या गादीवर बसवून टाकलं.

मी हसलो. मग मशीन बंद करून उतरलो, तर खालची फरशीच हलायला लागली. बाकड्यावर जाऊन बसलो. त्याही येऊन बसल्या. दोघांचे भाते चालू होते.

"भाऊ, जमीन चालून राह्यली काय हो?"

"चालून राह्यली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मले वाटलं, माह्याच पायाखालची."

इम्रानचा एक नियम होता. घड्याळ पाहायचं नाही, आकडे पाहायचे नाहीत. चालता चालता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटायला लागलं की वेग जास्त झाला, कमी करायचा. बोलणं सहज चाललं की थोडा वाढवायचा. "नवीन आदमीसाठी एवढाच मीटर," असं तो म्हणायचा. म्हणून आम्हाला बोलावंच लागायचं. घरी दिवसभरात माझ्या तोंडून जेवढे शब्द निघत नसत, तेवढे पट्ट्यावर निघायचे. निर्मलाताई गिऱ्हाइकांच्या गोष्टी सांगायच्या. कुणाची सासू सुनेच्या ब्लाऊजचा गळा लहान करायला येते, आणि मागून सून येऊन कशी परत मोठा करून नेते. मी ट्रॅक्टरचे किस्से सांगायचो. पण फिरून फिरून मी प्रकाशवर यायचो. प्रकाशचं नाव निघालं की माझा आवाज चढायचा, धाप लागायची आणि इम्रान येऊन माझा वेग कमी करायचा.

"सेठ, भाई का नाम नको घेत जाऊ. तब्येत मागे जाते."

"घेऊ दे रे," निर्मलाताई म्हणायच्या. "घरी कोनाजवळ घेतीन ते?"

मी एकदा विचारलं, तुम्ही रस्त्यानं का चालत नाही? त्या म्हणाल्या, "हातात पिशवी नसली आन् बाई भरभर चालली, का चारजन इचारते, कुठं चालल्या? मी काय सांगू?" खरं होतं. आमच्या गावात बाईनं चालायला काहीतरी कारण हातात धरावं लागतं. पण त्यांनी त्यांचं कारण मला बरेच दिवस सांगितलं नाही.

ते कळलं उपवासामुळे. एक दिवस पट्ट्यावर चालता चालता त्या पांढऱ्या पडल्या. मी हात धरून खाली बसवलं. इम्राननं पाणी आणलं. विचारता विचारता निघालं ते असं, की वजन लवकर उतरावं म्हणून बाईंनी सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, जेवढे सापडले तेवढे उपवास धरले होते. आणि उपवासाला काय, तर साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, बटाटा. वजन जागचं हललं नव्हतं. साखर मात्र वर गेली होती.

"ताई," इम्रान कपाळाला हात लावून म्हणाला, "मी पण रोजा ठेवतो. आन् शामको भजे हाणतो. माझं वजन रमजानमध्ये वाढते. मले नका सांगू."

मी म्हटलं, "एवढी घाई कायची हाये तुमाले?"

तेव्हा त्या बोलल्या. घाटंजीकडच्या एका खेड्यात त्यांचा धाकटा भाऊ होता, बापू. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. यवतमाळला फेऱ्या मारून, रक्त धुऊन घेऊन दिवस काढत होता. त्याच्या बायकोचा रक्तगट जमत नव्हता. बहिणीचा जमत होता. भावजयीनं चोरून त्याचे कागद आणून दिले, ते घेऊन निर्मलाताई एकट्या नागपूरला जाऊन आल्या. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, वजन फार आहे, साखर काठावर आहे, अशा अंगातली किडनी आम्ही काढणार नाही. वजन उतरवा, साखर खाली आणा, मग पुढचं पाहू.

"त्याले अजून मालूम नाही," त्या म्हणाल्या. "माह्यानं झालंच नाही तर? उगीच आस कायले लावू?"

पुढच्या आठवड्यात दुसरी गोष्ट कळली आणि मी पेटलो. बाप मेला तेव्हा निर्मलाताईंनी वडिलांच्या वावरातला हिस्सा या बापूच्या नावे सोडून दिला होता. दर भाऊबीजेला लुगडं घेईन, म्हणाला होता. पुढे नवरा वारला, हात रिकामा झाला, तेव्हा त्यांनी थोडीशी जमीन मागितली. बापूनं नाही म्हटलं, आणि त्या वर्षापासून भाऊबीजेला बोलावणंही बंद केलं.

मी पट्ट्यावरच ओरडलो. "आन् त्याले किडनी? अहो ताई, अशी वेळ परत येनार नाही. आता तो दबेल हाये. आधी वावर नावावर करून घ्या, मंगच दवाखान्यात पाय ठेवा. मी येतो बोलाले. अशा मानसाले कसं वाकवाचं ते मले मालूम हाये!"

माझ्या मशीनची शिट्टी वाजायला लागली. नाडी फार वर गेली होती. निर्मलाताई मात्र त्याच चालीनं चालत राहिल्या. कोथिंबिरीच्या जुडीसाठी बाजारवालीला रडवणारी ही बाई. ती म्हणाली, "भाऊ, सौदा कोनासंग असते? ज्याच्यापासून उठून जाता येते, त्याच्यासंग."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. मी प्रकाशपासून उठून आलोच ना?

उपवास बंद झाले. ज्वारीची भाकर, भाजी, आणि रोज पट्टा. इम्रान त्यांच्या पट्ट्याला कधी थोडा चढ द्यायचा, कधी झुल्यावानी मशीनवर उभं करायचा. त्यावर त्यांची पावलं टाच-चवडा, टाच-चवडा अशी शिलाई मशीनच्या पायटीसारखी पडायची, पण चक्कर आली नाही. वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "काटा आज एक सांगते, उद्या दुसरं," म्हणायच्या. स्वतःचे ब्लाऊज दाबून घ्यायच्या, आणि उसवलेल्या जुन्या शिवणीपासून नवी शिवण किती आत आली ते मला दाखवायच्या. माझ्याही पँटी त्यांनीच दाबल्या. टेप न लावता नुसत्या नजरेनं कंबर सांगायच्या आणि बरोबर यायची. तपासणीची तारीख जवळ आली तसं त्यांचं बोलणं कमी होत गेलं. चाल मात्र वाढत गेली. नापास झालो तर, हा एकच प्रश्न त्या दोन-तीनदा पुटपुटल्या. मलाच ते ऐकवत नव्हतं.

नागपूरच्या डॉक्टरनं हो म्हटलं. त्या सरळ माझ्या आवारात आल्या. "भाऊ, गाडी काढा. बापूले सांगाले जाऊ."

बापू अंगणात टिनाच्या छपराखाली खुर्चीवर बसला होता. पाय सुजलेले, चेहरा मातीसारखा. बहिणीला पाहून त्यानं मान वळवली. भावजयीनं पाणी दिलं आणि तिनंच एका दमात सगळं सांगून टाकलं. ताईनं काय ठरवलं, त्यासाठी किती महिने राबली, डॉक्टर काय म्हणाला.

बापूनं सुजलेले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. मग म्हणाला, "मले नाही पाह्यजे."

"काहून?"

"तुही जमीन घेतली. भाऊबीजेले दार लावलं. आता तुहं पोट चिरून तेबी घेऊ? मरू दे मले. तू जाय."

भावजय रडायला लागली. मी दात आवळले. मला वाटलं, आता निर्मलाताई पण रडणार, पाया पडणार. त्या उठल्या, पदर खोचला, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. फीवरून इम्रानला धुतलं होतं तो आवाज.

"फुकट कोन देऊन राह्यलं तुले? मले वावर पाह्यजे. विहिरीचं."

बापूनं मान वर केली. "विहिरीचं?"

"हो. रस्त्यालगतचं."

"ते नाही भेटत. वरचं घे."

"वरचं मुरमाड हाये. तिथं मी काय गोटे पेरू?"

"मंग पोरं काय खातीन माही?"

"ते तू पाह्य. अर्धं दे मंग. पन पान्याची पाळी पहिले माही."

"पाळी काहून तुही पहिले?"

"मोठी कोन हाये आपल्यात?"

दोघं तावातावानं भांडत होते. मी तोंड उघडलं नाही. दुसऱ्याचा सौदा चालू असताना बोलू नये, ही आमच्या धंद्याची रीत आहे. आणि मला दिसत होतं काय चाललंय ते. बाजारात असा माणूस भेटतो कधीकधी. वस्तू हवी असते, पण भेट म्हणून दिली तर त्याला हात पुढे करता येत नाही. त्याच्याकडून किंमत मागावी लागते, आणि ती चांगली जबर मागावी लागते, तेव्हा कुठे तो मान वर करून घेतो. किडनीवर असा सौदा कायद्यात बसत नाही, हे मला ठाऊक आहे. पण तिथे कुणी कायद्याचं बोलत नव्हतं. आणि वावर तर मुळात तिचंच होतं.

"बरं," बापू शेवटी म्हणाला. "अर्धं विहिरीचं. आन् पाळी तुही." मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला. निर्मलाताईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. "चहा मांड वो," एवढंच भावजयीला म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

परतताना मी विचारणार होतो, भावासंग सौदा नसते म्हणत होत्या, मग हे काय होतं? बाजूला पाहिलं तर त्या खिडकीला डोकं टेकून झोपल्या होत्या.

ऑपरेशन नागपूरला झालं. दोघंही बरे राहिले. मी भेटायला गेलो तेव्हा त्यांनी काचेतून हात हलवला, तेवढंच. काही महिन्यांनी त्या परत आल्या, दुकान उघडलं, थोडं थोडं चालायलाही लागल्या. मला वाटलं, पेशंट बॅच पुन्हा सुरू झाली. मग एका सोमवारी आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. मी दुकानाकडे गेलो तर शटर खाली. शेजारच्या चपलावाल्यानं सांगितलं, "त्या तर गेल्या. भावाकडं राहाले गेल्या. मशीन घेऊन गेल्या. कालच टेम्पो आलता."

माझा आवाज असा चढला की चपलावाला दोन पावलं मागे सरला. टेम्पो? माझ्या गाड्या आवारात गंजायला ठेवल्यात काय?

इम्राननं दुसऱ्या दिवशी निरोप दिला. "सेठ, ताई आल्या होत्या तुमच्याकडे. बोलल्या, सुधाकरभाऊले सांगाले गेलतो, पन ते फोनवर कोनाले तरी लय जोरात बोलून राह्यले होते. मंग वापस आलो. सांगजो त्याहिले."

आता मला सांगा. फोनवर मी रोजच ओरडतो. धंदाच तसा आहे. त्यात परत जाण्यासारखं काय होतं? दोन मिनिटं थांबता आलं नसतं? बापूच्या दारात एवढ्या वर्षांनी जाऊन बसता आलं, माझ्या दारात बसता आलं नाही?

मी जिमला जातो अजून. आता इम्राननं मला नाडीचा आकडा पाहून चालायला शिकवलंय. आकडा वर गेला की वेग कमी करायचा. बोलायची गरज पडत नाही. बायको पुण्याहून फोन करते, जेवलात का विचारते, मी जेवलो म्हणतो.

मागच्या हिवाळ्यात घाटंजीकडे एक ट्रॅक्टर पाहायला गेलो होतो. विकणाऱ्याचं वावर बापूच्या गावाला लागूनच होतं. दुपार कलली होती. ट्रॅक्टर पाहून झाला, टायर पाहिले, इंजिन ऐकलं, आणि आम्ही बोलणी करायला बांधावर उभे राहिलो. कपाशीच्या पलीकडून दोन माणसं येताना दिसली. पुढे निर्मलाताई. मागे तोंडाला मास्क बांधलेला बापू, हळूहळू. त्यांच्यात आणि माझ्यात एक पूर्ण वावर होतं, पांढरं फुटलेलं.

बापू थकला असावा. तो बांधावर बसला. ऊन त्याच्या तोंडावर येत होतं. निर्मलाताईंनी इकडेतिकडे पाहिलं, सावलीला झाड नव्हतं. मग त्या दोन पावलं सरकून त्याच्या आणि सूर्याच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात, पाठ माझ्याकडे. काहीतरी बोलत होत्या, काय ते ऐकू येत नव्हतं. हाक मारली असती तर पोचली असती. माझा आवाज मोठा आहे, सगळ्या तालुक्याला माहीत आहे. पण हाक मारून सांगायचं काय, ते मला सुचेना.

"चला सेठ," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "सांगा, शेवटचं काय ते."

"थांब जरा," मी म्हटलं.

भाव पाडायला मी वेळ काढतोय असं त्याला वाटलं. तो हसला आणि थांबला.